प्लेगने आखलेले रस्ते आणि मुंबईची मोटार

[दृश्य: फोर्टमधून निघालेली जुन्या मोटारींची फेरी. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं.]

निवेदन:
विंटेज मोटारींची फेरी निघाली की बघ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, ही कुठल्या संस्थानिकाची? राजेमहाराजांच्या रोल्स-रॉइसवर आजवर भरपूर बोलून झालंय, तेव्हा त्यांना आज सुट्टी. आपण विचारणार आहोत की मुंबईत पहिल्या मोटारी उतरल्या तेव्हा त्या चालवायच्या कुठे? कारण शहराचे रस्ते आधीच भरलेले होते.

[दृश्य: पायधुणी, भुलेश्वर, मांडवी. जुनी छायाचित्रं.]

ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची मुंबई. कापसाच्या गासड्या लादलेले बैलांचे खटारे, हातगाड्या, डोक्यावर पाटी घेतलेले हमाल, भाड्याच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या आणि या सगळ्यांच्या मधून रुळांवरून वाट काढणारी घोड्यांची ट्राम. 9 मे 1874 ला ती कुलाब्याहून पायधुणीपर्यंत धावू लागली. ट्राम कंपनीच्या पागेत तेव्हा 900 घोडे होते. शिवाय व्हिक्टोरियांचे घोडे, खटाऱ्यांचे बैल. एवढ्या जनावरांना पाणी कुठून पाजायचं? शेठ-सावकारांनी पुण्यकर्म म्हणून दगडी प्याव बांधले. माणसांसाठी पाणपोई आणि जनावरांसाठी हौद. भात बाजारातला केशवजी नाईकांचा प्याव 1876 चा. आणि लीद, शेण, माशा? छायाचित्रांना वास येत नाही, म्हणून तर जुनी मुंबई आपल्याला इतकी रम्य वाटते.

[दृश्य: धोबीतलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोरचा डॉ. व्हिएगस यांचा पुतळा.]

मग आला 1896 चा सप्टेंबर. मांडवीतला एक रुग्ण तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केलं, हा प्लेग आहे. डॉक्टर मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली.

रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. सरकारनं दोष दिला तो कोंदट हवेला आणि अंधाऱ्या खोल्यांना. उपाय ठरला वस्ती फोडून समुद्राचा वारा आत आणायचा. त्यासाठी 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याचेच रस्ते. नकाशा उघडून बघा. दोन्ही रस्ते पश्चिमेच्या किनाऱ्याकडून दाट वस्तीत घुसतात. वाऱ्यासाठीच आखले होते ते. त्यांच्या वाटेत ज्या चाळी आल्या, त्या पडल्या. नवी घरं पुरेशी बांधली गेली नाहीत, त्यामुळे बेघर झालेली कितीतरी कुटुंबं शेजारच्याच चाळींमध्ये दाटीवाटीनं शिरली. म्हणजे ज्या गर्दीवर इलाज करायचा, ती फक्त एक गल्ली पलीकडे सरकली.

आणि रुंद, मोकळा रस्ता? तो नेमका मोटारीच्या वेळेला तयार होत होता.

[दृश्य: मोटारीचं हँडल मारणारा माणूस. जवळून.]

मोटार बाळगणारे मुंबईतले पहिले भारतीय जमशेटजी टाटा, असं सांगितलं जातं, साल 1901. त्या काळी गाडी सुरू करणं हे मालकाचं कामच नव्हे. पुढे उभं राहून हँडल मारायचं आणि पकड अशी ठेवायची की अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला राहील. कारण इंजिनानं उलटा झटका दिला की मनगट मोडलंच म्हणून समजा. विजेवर सुरू होणारी गाडी कॅडिलॅकनं आणली ती 1912 च्या सुमारास, आणि तीही अमेरिकेत. दिवे कार्बाइडचे. वरच्या टाकीतून पाणी थेंबथेंब कार्बाइडवर पडायचं आणि त्यातून निघणारा वायू काडी लावून पेटवायचा. पेट्रोल पत्र्याच्या डब्यांतून यायचं. ही सगळी उस्तवार शोफरनं, म्हणजे पगारी ड्रायव्हरनं करायची आणि साहेबांनी मागे बसून हवा खायची.

रस्त्यावरच्या इतरांसाठी ही गाडी म्हणजे भोंगा वाजवत येणारं एक संकट. बैल बुजायचे, घोडे उधळायचे. सावकाश चालायची सवय झालेल्या गर्दीला आता मागे वळून बघायला शिकावं लागलं.

[दृश्य: विजेची ट्राम, डोक्यावर तारा.]

बाकीचे बदल झपाट्यानं झाले. 7 मे 1907 ला विजेची ट्राम आली आणि ट्रामचे घोडे इतिहासजमा झाले. व्हिक्टोरिया मात्र पुढे शतकभर टिकून राहिली, तीही शेवटी पर्यटकांपुरती. 1911 च्या सुमारास मोटार-टॅक्सी दिसू लागल्या. 1914 मध्ये सबंध देशासाठी मोटार वाहन कायदा झाला, म्हणजे परवाना आणि नोंदणी आली. पाठोपाठ कॅनडात बनलेल्या फोर्डच्या गाड्या इथल्या सोयीनं उजवीकडे स्टिअरिंग घेऊन आल्या आणि डॉक्टर, वकील, सॉलिसिटर अशी मंडळी मोटारीची स्वप्नं बघू लागली. 1928 मध्ये तर जनरल मोटर्सनं शिवडीला जुळणीचा कारखानाच काढला. सुटे भाग बोटीनं यायचे आणि अख्खी गाडी शिवडीतून बाहेर पडायची.

माझ्या मते मात्र मोटार खऱ्या अर्थानं मुंबईची झाली ती त्याच्या दोन वर्षं आधी. तोवर चालणाऱ्या माणसानं मोटारीला फक्त वाट करून द्यायची, असाच हिशेब होता.

[दृश्य: बेस्टची सुरुवातीची बस.]

15 जुलै 1926. भर पावसाळा. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, ट्राम कंपनीची पहिली बस सुटली. मालकीची मोटार नाही, शोफर नाही, हँडल नाही. तिकीट काढायचं आणि बसायचं. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा लाख प्रवासी तिच्यात बसले होते.