सण नसतो तेव्हा

(बेळगाव भागातून येऊन दूर इथं राहणाऱ्यांच्या मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. मला 'दिवाळीच्या आठवणी' हा विषय दिला होता. मी तो थोडा पुढे सरकवणार आहे, दिवाळी उलटून गेल्यानंतरच्या दिवसांकडे. त्याला कारण माझी लेक.

गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम करून आम्ही याच हॉलमधून घरी निघालो होतो. गाडीत ती म्हणाली, "आई, सण नसतो तेव्हा बेळगावात लोक काय करतात?" नऊ वर्षांची पोर. तिनं तिकडचं जग पाहिलं ते एका गणपतीत आणि एका लग्नात, बाकी सगळं इथल्या स्टेजवर. तिच्या लेखी आपला मुलूख म्हणजे लेझीम, नऊवारी आणि लाडू. तिला दोष कसा देऊ? तेवढंच तर आपण तिला दाखवलंय.

मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या मनात जे गाव आहे ते सणातलं नाहीच मुळी. पाडव्याला गवळी गल्लीतून पळवलेल्या म्हशी शिंगांच्या रंगासकट पुन्हा गोठ्यात उभ्या आहेत, पोरांच्या किल्ल्यावर अळीव वीतभर वाढलाय, मावळे डब्यात गेलेत, आणि सुगी सुरू झालीय, ते माझं गाव.

म्हणून मी हट्ट धरला, यंदा कार्तिकात जायचं. घरात चांगलीच वादावादी झाली. आमचे हे बेळगावातल्या शहापूरचे, तरी म्हणाले, "सगळी सुट्टी तेव्हा घालवायची? तेव्हा तिथं असतंय काय?" म्हणजे लेकीचाच प्रश्न, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडी!

काय असतं ते सांगते. घाटमाथ्यावरच्या जांबोटी, कणकुंबीकडची मंडळी समोर बसली आहेत, त्यांनी माना डोलवाव्यात. पावसाळाभर घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा आता फिरलेला असतो. सकाळी धुकं इतकं की गोठ्यातलं जनावर आवाजावरूनच ओळखायचं. नऊच्या सुमाराला ऊन येतं आणि दवानं भिजलेल्या लोंब्या सुकायला लागतात. त्या सुकल्याशिवाय विळा लावायचा नाही, हे आमचे बाबा आजही पाळतात. मग तोवर काय? तोवर पेज. नव्या तांदळाची पेज, ज्याला पाणी कमी लागतं आणि जो आपसूक चिकट होतो. बरोबर लिंबाचं लोणचं, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पितळीत ओतलेल्या पेजेवर साय धरते, ती आधी बोटानं उचलून खायची.

समुद्र आपल्याला घराच्या दारातून कधी दिसला नाही. चोर्ला घाटानं पणजी गाठायची तर बेळगावहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण आपण समुद्राच्या शेजारचीच माणसं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, आणि कार्तिकापर्यंत बांगडा चांगला भरलेला असतो. मोपेडच्या मागे बर्फाची पेटी बांधून मासेवाला हॉर्न वाजवत यायचा. आमची आजी चातुर्मास कडक पाळायची, त्यामुळे तुळशीचं लग्न लागेपर्यंत तो हॉर्न आमच्या दारावरून पुढं जायचा. लग्न लागलं की दुसऱ्याच दिवशी तीच पायरीवर ताट घेऊन उभी! तिरफळं ठेचून घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि भात. इथंही आपण समुद्राकाठीच राहतो. इथला बांगडा वेगळा आहे, जास्त तेलकट, पण तिरफळ पडलं की तोही आपला होतो. करून बघा.

लेक सुरुवातीला कंटाळली. "प्रोग्राम कधी आहे?" असं विचारत राहिली. मग एका सकाळी आईनं न्हाणीच्या चुलीत तिच्यासाठी रताळी पुरली. राख झटकून पोरीच्या हातात दिलं, साल काळी पडलेली, टोकाला पाक बाहेर येऊन करपलेला. ती या हातातून त्या हातात करत होती आणि आई म्हणत होती, "थांब की गे, तोंड भाजंल." त्या दिवसापासून तिनं कार्यक्रमाची चौकशी केली नाही. मळणी झाल्यावर गवताच्या गंजीवर दुपारभर उताणी पडून असायची. काय करतेस विचारलं तर म्हणे, "काही नाही." इतकं समाधानाचं "काही नाही" मी इथं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आपल्या भागाचं नाव निघालं की लोकांना १ नोव्हेंबर आठवतो, काळा दिन आठवतो. १९५६ साली त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासूनचं ते दुखणं आहे आणि ते खरं आहे, त्यावर इथं पुष्कळ बोलून झालंय. पण त्याच १ नोव्हेंबरला शिवारात भात पिवळं पडत असतं, हेही पोरांना कळायला हवं ना?

एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नका. आपण मंडळात पोरांना सजवतो, नाचवतो, फोटो काढतो. गावी फोन लावतो तो सणाला शुभेच्छा द्यायला. तिकडं गेलो तर खरेदी, गाठीभेटी आणि परतीच्या दिवशी बेळगावच्या कुंद्याचे, मिठाईचे बॉक्स. पोरांना एक अख्खी रिकामी दुपार आपण तिथं देत नाही. माझी विनंती आहे, पुढच्या कार्तिकात एक मेळावा बिनास्टेजचा करू. पेज, सुका बांगडा, भाजलेली रताळी, आणि माइक नको.

आता जे मला टोचतंय ते. भात निघाल्यावर येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या काळ्या मातीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा पेरतात, तुम्हाला माहीत आहे. ह्यांच्या चुलत्यांनी आम्हाला तिकडं नेलं. याच सुपीक पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास काढलाय, ज्याच्या विरोधात शेतकरी वर्षानुवर्षं भांडले. आमच्या गावाकडं रस्ता नाही आला, पण कापणीला माणूस मिळत नाही. बाबा सत्तरी पार केलेले, भाऊ पुण्यात, मी इथं. निघताना मी विचारलं, पुढच्या वर्षी? ते म्हणाले, "यंदाचं झालं. पुढचं बघू की."

विमानात लेकीनं विचारलं, "पुढच्या वर्षी भात कोण कापणार?" मी तिला काही सांगू शकले नाही. या हॉलमध्ये निम्म्या लोकांची तिकडं जमीन आहे. तुमची कोण करतंय, कुणाला लावून दिलीय, की पडून आहे? चहाच्या वेळी माझ्याशी बोला. मला खरंच माहिती हवी आहे.