श्वास घेताना दुसरा हात काय करतो?

(दादरला हौशी जलतरणपटू आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिवाजी पार्कच्या तलावावर सकाळी काठाशी उभं राहिलं की पालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘सर, याचे दोन्ही हात सारखे पडत नाहीत.’ ते सारखे पडायलाच हवेत, असं माझं मत नाही. कुठला फरक पुढे नेतो आणि कुठला मागे ओढतो, हे मात्र ओळखता आलं पाहिजे.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकारांमध्ये हा प्रश्न नियमांनीच सोडवलाय. दोन्ही हात एकदम चालायला हवेत. वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकमध्ये, म्हणजे पायांच्या फटक्यात, दोन्ही पावलं बाहेर वळलेली हवीत, एकाचंही वळायचं राहिलं तर पोहणारा बाद. कुशीवर पोहायची सवय असलेल्या मुलाचा एक पाय हटकून कात्रीसारखा जातो. अशा वेळी वरून ओरडून काही होत नाही. त्याला काठ धरून पालथं तरंगू द्यावं, घोटा हातात घ्यावा आणि पाऊल वळवून दाखवावं.

फ्रीस्टाइलला, म्हणजे पालथं पोहत एकेक हात आळीपाळीने मारताना, असं बंधन नाही. शिवाय आपलं शरीर तरी कुठे दोन्हीकडे सारखं आहे? उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. बहुतेकांचा एक हात जास्त सराईत. त्यात श्वास एका बाजूने घ्यायचा.

उजवीकडे श्वास घेणारा पोहणारा डोळ्यांसमोर आणा. तोंड वळतं तेव्हा त्याचा डावा हात पुढे ताणलेला असतो. आपण सगळे तोंडाकडे बघतो. बघायचा असतो तो हा हात. डोकं फिरवण्याऐवजी वर उचललं, की त्याला आधार हवा असतो. मग डावा हात पाणी मागे ढकलायचं सोडून खाली दाबतो, कोपर पडतं, कधी तळवा शरीराची मधली रेघ ओलांडून पलीकडे जातो. तोल सावरायला पाय फाकतात. पालकांना दिसतात ते वेडेवाकडे पाय. म्हणून ते किकबोर्ड (हातात धरून नुसते पाय मारायची तरंगती फळी) मागतात, आणि मूळ दोष मानेत तसाच राहतो. एक डोळा पाण्यात ठेवून श्वास घ्यायला शिकवलं, तर पाय पुष्कळदा आपोआप जवळ येतात.

आता दुसरी बाजू. अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सची फ्रीस्टाइल आठवा. कॅटी लेडेकीचीही आठवा. तिने २०१२ ते २०२४ अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. दोघांचीही लय उघड उघड लंगडी आहे. श्वासाच्या वेळी पुढचा हात क्षणभर जास्त लांब राहतो, दुसरा झटकन येतो. तो लांबलेला हात मात्र पाणी दाबत नाही, पकडायच्या तयारीत असतो, आणि त्या क्षणी जोरदार किक वेग टिकवते. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग पडू देऊन पुन्हा वाढवणं त्यामुळे महाग पडतं. किक कच्ची असलेल्या मुलाने ही लय उचलली, तर दर श्वासाला तो पाण्यात थांबेल. आमच्या मुलांनी व्हिडिओ बघून ती घाईने उचलू नये, हे मी कळकळीने सांगतो.

स्वतःचा दोष शोधायचा एक सोपा मार्ग आहे. लेन रिकामी असताना, काठावर कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगून, डोळे मिटून श्वास न घेता सहा-आठ हात मारा. मग श्वास घेत तेवढेच मारा. दोन्ही वेळा लेनच्या एकाच बाजूच्या दोरीकडे गेलात, तर फरक हातांच्या ओढीत आहे. श्वासानेच वाकडे गेलात, तर मान आणि तो पुढचा हात तपासा.

तलावात तळाची काळी रेघ आपल्याला सरळ ठेवते. समुद्रात धरमतर ते गेटवे पोहणाऱ्याला खाली रेघ नसते. तिथे हातातला थोडासा फरकही अंतर वाढवतो. लाटा श्वासाच्याच बाजूने येऊ लागल्या, तर तोंडात पाणी जातं. म्हणून शर्यतीत एकाच बाजूने श्वास घ्या, माझी हरकत नाही. पण सरावात दर तिसऱ्या हाताला, आलटून पालटून दोन्हीकडे घ्या. नको असलेल्या बाजूला पहिले काही आठवडे नाकातोंडात पाणी जाईल. तेव्हा वेग कमी करा, पण ती बाजू सोडू नका.