अर्थमंत्र्यांची हुर्यो

पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय: ‘करसवलती, कल्याणकारी योजना आणि लोकांचा राग’. घाबरू नका, मी मैदानापासून सुरुवात करतो.

३ सप्टेंबर २०१२, लंडन. पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, पदकं द्यायला ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न आले. नाव पुकारलं गेलं आणि अख्ख्या स्टेडियमनं त्यांची हुर्यो उडवली. मोर्चेकरी नव्हते हो ते! तिकीट काढून, पोराबाळांना घेऊन आलेली माणसं. ऑस्बोर्न कसनुसे हसले, आणि कॅमेऱ्यानं नेमकं तेच टिपलं. आपल्याकडे पाहुण्यांचं नाव पुकारलं की आपण टाळ्या वाजवतो, शाल भारी असेल तर जरा जास्तच. (तुम्ही हसताय, अध्यक्ष हसत नाहीयेत.)

त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी दीड लाख पौंडांवरच्या वार्षिक कमाईचा कर ५० टक्क्यांवरून ४५ वर आणायचं जाहीर केलं होतं, आणि दुसरीकडे अपंगांच्या भत्त्याची नव्यानं छाननी ठरली होती. दोन्हींची अंमलबजावणी २०१३च्या एप्रिलपासून. आता मला सांगा, पॅरालिम्पिकला त्यांना पाठवायची कल्पना कोणाची असेल?

यावरूनही शहाणपण आलं नाही. २०१६ साली अपंग भत्त्याचे निकष पुन्हा आवळायचं ठरलं. कपडे घालायला किंवा शौचालयात आधाराचं साधन लागत असेल तर प्रत्येकी दोन गुण मिळत. ते एकावर आणायचे. भत्ता मिळायला आठ गुण लागतात. म्हणजे भिंतीवरचा दांडा तोच, गुडघे तेच, गुण निम्मे! आणि १६ मार्चच्या अर्थसंकल्पात भांडवली नफ्यावरचा वरचा कर २८ वरून २० टक्के. दोन दिवसांत या भत्त्याचं खातं सांभाळणारे मंत्री इयन डंकन स्मिथ राजीनामा देऊन मोकळे. सहा वर्षं हेच गृहस्थ कपाती करत होते बरं का! त्यांचं म्हणणं असं की, वरच्या उत्पन्नवाल्यांना सवलत देणाऱ्या अर्थसंकल्पात या कपातीचं समर्थन करता येत नाही. आणखी तीन दिवसांत कपात मागे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. ठीक आहे, मूळ मुद्दा भराभर सांगतो.

नुसत्या कपातीनं लोक इतके पेटत नाहीत. देणं आणि काढून घेणं एकाच पानावर दिसलं की पेटतात. आपल्याकडे पानंच वेगळी. २० सप्टेंबर २०१९ला कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के झाला. सरकारचाच अंदाज, १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सुटेल. बरोबर सहा महिन्यांनी, कोविडच्या धामधुमीत, रेल्वेची ज्येष्ठांची सवलत थांबली. याचे पैसे त्याला दिले असं मी म्हणत नाही. रेल्वे तर म्हणते, प्रत्येकच तिकिटात सूट आहे. पण दोन्ही बातम्या शेजारी ठेवून आपल्यापैकी किती जणांनी वाचल्या?

शिवाय न कापताही कापता येतं. गरीब वृद्धांच्या मासिक पेन्शनमधला केंद्राचा वाटा २००७ साली २०० रुपये होता, ऐंशीच्या आतल्यांना आजही तेवढाच. महागाई आपलं काम करते, कोणाला राजीनामा द्यावा लागत नाही.

करसवलतींपायी किती महसूल सोडला याचं विवरण केंद्राच्या जमेच्या अंदाजपत्रकाला जोडलेलं असतं. सामाजिक साहाय्याची, म्हणजे याच पेन्शनसारख्या योजनांची, तरतूद ग्रामविकास खात्याच्या अनुदानाच्या मागण्यांत सापडते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. तासाभराचं काम आहे, आणि इथे बहुतेक सगळे निवृत्तच आहेत.