रुळाला न टेकणारं चाक

(पडद्यावर : कृष्णधवल फोटो, त्यावरून फिरणारं भिंग)

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घरात, पत्र्याच्या पेटीतून हा फोटो निघाला. मागे पेन्सिलीने एकच शब्द : कळवा. म्हणजे खाडीपलीकडचं कळवा. कारखान्याच्या साइडिंगवर, म्हणजे कारखान्यात शिरणाऱ्या रुळाच्या फाट्यावर, उभे आहेत ते या घरातले आजोबा. पण आम्ही आलोय ते त्यांच्या पाठीमागच्या इंजिनासाठी.

चाकं पाहा. तिन्ही एकाच लोखंडी दांड्याने जोडलेली. दांडा दिसला की कुणीही म्हणेल, वाफेचं. मग धुराडं कुठाय? बॉयलर कुठाय? समोर तर रेडिएटरची जाळी आहे!

आता भिंग जरा खाली. चाकांच्याच ओळीत हे चौथं चाक. नीट बघा, ते रुळाला टेकतच नाही. हा जॅकशाफ्ट. डिझेल इंजिनाचा जोर आधी तेलाच्या प्रवाहाने जोर पुढे देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जातो, तिथून या शाफ्टवर, आणि शाफ्ट दांड्याकरवी चाकं फिरवतो. म्हणजे डिझेल-हायड्रॉलिक. वाराणसीच्या कारखान्यात बनलेलं, डबे हलवायचंच दुसरं इंजिन डब्ल्यूडीएस-६ इथेच बाद. त्याला बोग्या, म्हणजे चाकांचे वळणारे सांगाडे, असतात, विजेच्या मोटरी असतात, दांडे नसतात.

रूळ किती रुंद? आजोबांची उंची साडेपाच फूट, घरच्यांनी सांगितलं. ब्रॉडगेजही तेवढाच : १,६७६ मिलिमीटर. फोटोवर पट्टी ठेवली. जुळलं.

खुणा जातात त्या डब्ल्यूडीएस-४ च्या घराण्याकडे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, एस शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणं. जर्मनीतल्या कील शहरातल्या माक कंपनीच्या घडणीवरून चित्तरंजनच्या कारखान्याने १९६८ च्या सुमारास ही बांधायला घेतली. साठ टनांचं धूड, जोर ७०० अश्वशक्तीच्या आसपास. रेल्वेच्या यार्डांत राबली, तशीच कारखान्यांतही.

(ठाणे स्टेशन, संध्याकाळची गर्दी)

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीची तिन्ही इंजिनं आपल्याला तोंडपाठ : साहेब, सिंध, सुलतान. त्यांची आठवण दरवर्षी निघते, निघावीच. कारखान्याच्या फाटकाआड मालाच्या वाघिणी ढकलणाऱ्या इंजिनांचे मात्र कुणी फोटोसुद्धा काढले नाहीत. हा निघाला तोही आजोबांचा म्हणून.

साइडिंग उखडली, इंजिन भंगारात गेलं.

(पुन्हा फोटो, अगदी जवळून)

डब्ल्यूडीएस-४ मध्येही ए, बी, डी असे प्रकार आहेत. नेमका कोणता, ते नंबराच्या पाटीवर असणार. ती पाटी आजोबांच्या खांद्याआड आहे.