पूर आराखडा: कुठल्या पाण्याला कोणी हलायचं? पंचायतीनं मे महिन्यातच काढायचे आकडे

नमस्कार मंडळी.

जुलै लागला की कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिक्कोडी भागातली बातमी ठरलेली असते. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कल्लोळ-यडूर, सगळे बंधारे पाण्याखाली. पंचायतीच्या कपाटात आपत्तीच्या आराखड्याची फाईल असते. त्यात फोन नंबर असतात, निवारा केंद्राचं नाव असतं. नसतं एवढंच, की पाणी कुठवर आल्यावर कुठल्या गल्लीनं हलायचं. आज तेवढंच बघू.

[स्क्रीनवर: नद्यांचा नकाशा]

कोयना, वारणा आणि पंचगंगा यांचं पाणी नरसोबावाडीपर्यंत कृष्णेत एकत्र होतं आणि राजापूर बंधाऱ्यावरून आपल्याकडे उतरतं. वेदगंगा दूधगंगेला मिळते, आणि दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला. म्हणून रोज दोन आकडे लिहा: राजापूरचा विसर्ग आणि दूधगंगेचा प्रवाह. दोन्हींची बेरीज म्हणजे कल्लोळच्या खालची कृष्णा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, आणि टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. 1 लाख क्युसेक दिवसभर वाहिलं की 8.64 टीएमसी पाणी जातं. कृष्णेवरचं अख्खं आलमट्टी धरण साधारण 123 टीएमसीचं आहे, त्यावरून अंदाज घ्या.

दूधगंगाकाठच्यांना आणखी एक सांगतो. कृष्णा फुगली की दूधगंगेच्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही, मागं फूग येते. आपल्याकडे ऊन पडलंय आणि पाणी मात्र चढतंय, हे त्यामुळं होतं. पाऊस उघडला म्हणून सामान परत खाली आणू नका.

आता गावात या. 2019 आणि 2021 च्या पुराची खूण कुठल्या तरी भिंतीवर असतेच. नसेल तर त्या गल्लीतल्या दोन-तीन घरांत वेगवेगळं विचारा आणि जुळलं तरच ऑइलपेंटनं रेघ मारा. मग गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या आणि पाणी भरा. एक टोक खुणेच्या भिंतीला, दुसरं शेजारच्या घराच्या उंबऱ्यापाशी. दोन्ही तोंडं उघडी ठेवा, अंगठा काढा, पाणी थांबेपर्यंत थांबा. दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला येतं; नळी वर-खाली करून ती पातळी बरोबर पुराच्या खुणेला आणा. उंबरा त्याच्या किती खाली किंवा वर, ते टेपनं मोजा आणि घर नंबरापुढं लिहा.

चुकतं कुठं? नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप फसतं. आणि नदीच्या पाण्यालाही उतार असतो, त्यामुळं एकाच खुणेवरून अख्ख्या गावाची मापं घेऊ नका. गल्लीगणिक खूण वेगळी धरा.

याच नळीनं रस्ताही मोजा. बऱ्याच गावांत घरं कोरडी असतात, पण बाहेर पडायच्या रस्त्यावरचा ओढा आधी भरतो आणि गावाचं बेट होतं. त्यामुळं हलायची वेळ ठरते ती रस्त्यातल्या सगळ्यात खोलगट जागेवरून. यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पाण्यानं राष्ट्रीय महामार्गसुद्धा बंद पडलाय, तिथं गावरस्त्याची काय कथा!

[स्क्रीनवर: गणित]

पुलाच्या खांबावर 10-10 सेंटीमीटरच्या पट्ट्या रंगवा आणि पुरात दर तासाला नोंद करा. समजा पाणी तासाला 10 सेंटीमीटर चढतंय आणि खोलगट जागा अजून 90 सेंटीमीटर वर आहे. म्हणजे हातात 9 तास. हलवायची जनावरं 120, ट्रॉल्या 4, एका ट्रॉलीत 5 जनावरं, चढवून-उतरवून एका खेपेला एक तास. तासाला 20 म्हणजे 6 तास लागले. उरले 3. त्यातच अंधार पडणार असेल तर ते 3 तासही धरू नका; रात्री म्हैस ट्रॉलीत चढत नाही. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच.

जनावरांपासून सुरुवात मुद्दाम केली. माणसं घर सोडत नाहीत त्याचं कारण बऱ्याचदा गोठ्यात असतं. काळजी केंद्रात, म्हणजे निवारा केंद्रात, माणसांच्या जेवणाची सोय लिहिलेली असते, वैरणीची ओळच नसते. दुभत्या जनावराला दिवसाला 15 ते 20 किलो ओली वैरण, 5-6 किलो वाळली आणि 50 लिटर पाणी धरा. 300 जनावरांना रोज 15,000 लिटर, म्हणजे 5,000 लिटरचे तीन टँकर. टँकर कुणाचा आणि भरणार कुठून, हे मे महिन्यातच ठरवा. गावची पाण्याची मोटर नदीकाठीच असते, आणि हेस्कॉम (आपली वीज कंपनी) वीज तोडते तेव्हा तीही बंद. पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर चांगली असेल तर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम लागते, टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचं. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर मेलेली असते, ती मोजून टाकली तरी उपयोग नाही.

बेळगाव शहराची गोष्ट वेगळी, तिथं प्रश्न नाल्याचा. बळ्ळारी नाल्यातला गाळ काढून काठावरच ठेवला तर पहिल्याच वळवात तो परत आत. गाळ उचलून न्यायचा खर्च त्याच कामात धरायला लावा.

कायद्याचं थोडक्यात: 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आहेत, पण कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं आणि साहित्य तयार ठेवणं ही स्थानिक संस्थेचीही जबाबदारी आहे. तेव्हा 'ते तहसीलदार बघतील' हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

वरून येणारं पत्र कन्नडमध्ये आणि क्युसेकमध्ये असतं. भोंग्यावरून तेच वाचून दाखवलं तर आजीला काय कळणार? 'आज संध्याकाळपर्यंत पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागेल, खालच्या गल्लीनं दुपारी दोनच्या आत निघायचं', असं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही सांगा. कुठल्या विसर्गाला पाणी कुठल्या पायरीला लागतं, ते तासाच्या नोंदवहीतून दोन-तीन पावसाळ्यांत कळतं. वही मात्र एकाच माणसाच्या घरी ठेवू नका.

आणि रस्ता उंच करायचा, मोरी मोठी करायची असेल तर जुलैत ओरडून पैसे मिळत नाहीत. पंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम 2 ऑक्टोबरपासून सुरू होतं. पाण्याची मापं, खुणांचे फोटो आणि किती घरं अडकतात ती यादी घेऊन त्या ग्रामसभेत बसा, आणि ठराव लिहून झाल्याशिवाय उठू नका.