कोथिंबीर आणि धने : एका रोपाचे दोन स्वभाव

लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा कोथिंबीर घेतानाही गाव विचारायचे असते, हे मराठवाड्याबाहेरच्या अनेकांना बहुधा प्रथमच कळले असेल. शहरात भाजीबरोबर वर म्हणून मागितली जाणारी ही जुडी या भागात स्वतःच्या वासावर विकली जाते.

पेरणीपूर्वी धने हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन फाडी केल्या जातात, कारण ज्याला आपण एक दाणा समजतो ते खरे तर दोन बिया पोटात असलेले फळ असते. फाडी न करता पेरल्यास उगवण उशिरा आणि विरळ होते. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत जुडी बांधण्याजोगी कोथिंबीर तयार होते. तीच काढली नाही, तर तिला पांढरी-गुलाबी फुले येतात आणि त्यांचे पुढे धने होतात. हरभऱ्याच्या रानात मधूनमधून धने पेरण्यामागे केवळ घरची सोय नसते. या फुलांवर मधमाश्या येतात, तसेच घाटेअळीवर जगणारे मित्रकीटकही येतात.

पान आणि दाणा एकाच रोपाचे असले, तरी त्यांचा सुगंध वेगवेगळ्या द्रव्यांमुळे येतो. धन्याच्या तेलात लिनॅलूल हा घटक सर्वाधिक असतो, तर पानाचा तीव्र वास प्रामुख्याने अल्डिहाइड गटातील द्रव्यांमुळे येतो. काही माणसांना कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो, आणि घरचे त्यांना उगाच नखरेल ठरवतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या नावडीचा संबंध वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या जनुकांशी आढळला. हा प्रभाव लहान असला, तरी त्या माणसांची तक्रार खोटी नाही, एवढे त्यातून दिसते.

पानातील सुगंधी द्रव्ये उष्णतेने चटकन उडून जातात, म्हणून कोथिंबीर भाजी उतरवताना घालावी. धन्यांचे तसे नाही. ते मंद आचेवर भाजल्याने खमंगपणा वाढतो, आणि म्हणूनच काळ्या मसाल्याचा मोठा भाग धन्यांचा असतो. मराठवाड्याच्या येसरातही भाजलेल्या धान्यांबरोबर आणि डाळींबरोबर धने दळले जातात. ऐन वेळी घरात भाजी नसली, तर चमचाभर येसर कालवून आमटी उकळता येते. कोथिंबिरीचे कोवळे देठ मात्र अनेकजण विनाकारण टाकून देतात. वाटणासाठी पानांपेक्षा तेच अधिक उपयोगी पडतात.

औषध म्हणून आयुर्वेदात मान आहे तो मुख्यतः धन्यांना. संस्कृत ग्रंथांत त्यांचे नाव धान्यक. शार्ङ्गधर संहितेत सांगितलेला धान्यक हिम करायला फार सोपा आहे: जाडसर कुटलेले धने सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी कुस्करून गाळावेत आणि खडीसाखर घालून ते पाणी प्यावे. अंगातील दाह आणि तहान यांसाठी तो सांगितला आहे. त्यात उकळणे नाही, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण सुगंधी तेलाचा बराचसा अंश उकळताना वाफेबरोबर निघून जातो. पोट बिघडल्यावर वापरायच्या धान्यपंचकाचा मात्र काढाच करतात. त्यात धन्यांसोबत सुंठ, नागरमोथा, वाळा आणि बेल असतात, आणि पित्ताचा त्रास असेल तर सुंठ वगळून उरलेली चार द्रव्येच वापरण्याचा संकेत आहे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, धने-जिऱ्याचे पाणी बरे वाटते यात शंका नाही. परंतु उष्माघात झालेल्या, बरळू लागलेल्या माणसाला ते पाजत बसणे धोक्याचे आहे; त्याला सावलीत नेऊन, अंग ओले करून, वारा घालत तातडीने दवाखान्यात पोहोचवावे. जुलाबातही धन्यांच्या पाण्याने क्षार भरून निघत नाहीत. त्यासाठी जलसंजीवनीच हवी, आणि पुडी नसल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ती घरी करता येते. धन्यांच्या पाण्याने थायरॉईड किंवा मधुमेह बरा होतो, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाईलवर फिरत असतात. त्यांवर विसंबून चालू गोळ्या बंद करू नयेत. डोळ्यांवर धन्यांचे पाणी शिंपडण्याची जुनी रीतही सोडलेली बरी, कारण घरी गाळलेले पाणी निर्जंतुक नसते.

हिरव्या पानांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते. चिमूटभर कोथिंबिरीने काही बिघडत नाही, परंतु रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी कोथिंबिरीचा पेलाभर रस रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

धनत्रयोदशीला धने आणि गूळ यांचा नैवेद्य दाखवून प्रसाद वाटतात. पाडव्याला कडुनिंबाच्या कोवळ्या पानांत काही घरी धनेही मिसळतात. पावसाळ्यापूर्वी वर्षाचे धने भरायचे असतील, तर ते कडक ऊन देऊन कोरड्या डब्यात ठेवावेत, आणि पूड लागेल तेवढीच करावी, कारण दळल्यावर वास झपाट्याने उतरतो. बाजारातील तयार पुडीत कधी लाकडाचा भुसा किंवा कोंडा मिसळलेला असतो. पेल्यातील पाण्यावर चमचाभर पूड भुरभुरली, की भुसा वर तरंगत राहतो आणि पुडीचा जड भाग खाली बसतो. संशय आल्यास अख्खे धने विकत घेऊन घरच्या खलबत्त्यात कुटावेत.