नाच शिकणं आणि नाचाचा अभ्यास करणं

नमस्कार श्रोतेहो.

नृत्याबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. दाखवता काहीच येत नाही. तेव्हा आवाजापासूनच सुरुवात करते. कथक नर्तकी तत्कार करते आहे. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. अख्खा तळवा जमिनीवर पडतो आणि बोल जसा तोंडातून निघतो तसाच स्वच्छ पायातून निघावा लागतो. आता बॅलेचा नर्तक उडी मारून खाली येतो आहे. आधी बोटं टेकतात, मग चवडा, मग टाच, आणि त्याच क्षणी गुडघे वाकतात. इथे धप्प आवाज आला की शिक्षकांच्या कपाळाला आठी पडते. पाय तेच, जमीन तीच. एकीकडे आवाज काढायला वर्षं जातात, दुसरीकडे आवाज घालवायला.

गुरूकडे आपण एक शैली शिकतो. तिथलं बरोबर आणि चूक अंगात मुरतं, आणि मुरायलाच हवं. विद्यापीठात गेल्यावर त्या बरोबरला कोणीतरी ‘का?’ असं विचारतं. माझ्या मते नृत्याच्या पदवीचा खरा उपयोग एवढाच, आणि तो लहान नाही.

नृत्यात पदवी देणारा पहिला अभ्यासक्रम १९२६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सुरू झाला. तो उभा करणाऱ्या मार्गारेट एच’डब्लर या रंगमंचावरच्या नर्तकी नव्हत्याच. त्या शिकल्या होत्या जीवशास्त्र आणि शिकवत होत्या शारीरिक शिक्षण. विद्यार्थिनींना त्या आधी जमिनीवर आडवं व्हायला सांगत. तोल सांभाळायची काळजी नसली की सांधा कुठून कसा हलतो ते मोकळेपणी कळतं. वर्गात हाडांचा सांगाडाही असे. नाचाच्या वर्गात सांगाडा, हे आजही काहींना खटकतं. मला मात्र तो तबल्याइतकाच आवश्यक वाटतो.

का, ते आत्ताच करून बघा. जवळ आधार असेल तर उभे राहा. गुडघे सरळ ठेवून दोन्ही टाचा जुळवा आणि पावलं बाहेरच्या बाजूला उघडा, जमेल तेवढीच. बॅलेमध्ये ही पावलं एका सरळ रेषेत यावीत अशी अपेक्षा असते, म्हणजे १८० अंश. भरतनाट्यमच्या अरैमंडीतही गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं असतं. हे वळणं यायला हवं खुब्यातून. पण खुब्याची खोबण किती खोल आहे, तिचं तोंड कुठे आहे, मांडीचं हाड किती वळलेलं आहे, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि वाढ पूर्ण झाल्यावर ते रियाजानं बदलत नाही. स्नायू लवचिक होतात, हाड होत नाही. मग उरलेले अंश मुलं कुठून आणतात? गुडघ्यातून आणि घोट्यातून. पावलं सुंदर उघडलेली दिसतात आणि काही वर्षांनी गुडघा कुरकुरायला लागतो. शरीररचनेचा तास झालेली विद्यार्थिनी आपली मर्यादा ओळखून तेवढ्यातच ताकद वाढवते. हा विषय रटाळ म्हणून टाळणाऱ्यांना मी एवढंच सांगते की बाकीचे तास बुडवा, हा नको.

तंत्राच्या तासांकडे वळू. विसाव्या शतकातल्या आधुनिक नृत्याचा अभ्यास करताना एक गंमत लक्षात येते. बॅलेत शरीर सतत वर, जमिनीपासून सुटायला बघतं. अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहम यांनी हालचालीचा उगम ओटीपोटात नेला. श्वास सोडताना धड आतल्या बाजूला आकसतं, श्वास घेताना मोकळं होतं, आणि नर्तक अनवाणी जमिनीवर बसतो, लोळतो, तिथूनच उठतो. त्यांच्याच काळातल्या नर्तकी डोरिस हम्फ्री यांना पडणं आणि सावरणं यांच्यामधला क्षण महत्त्वाचा वाटला. ग्रॅहम यांच्याच संचात नाचलेले मर्स कनिंगहॅम पुढे वेगळ्याच वाटेनं गेले. हालचालींचा क्रम ते कधी कधी नाणं उडवून ठरवत, आणि संगीत आणि नृत्य एकमेकांपासून स्वतंत्र तयार होई. लयीला धरून नाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हे आधी वेडेपणाचं वाटतं. पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नसताना शरीराला वेळ कळतो कसा, हा प्रश्न एकदा पडला की समेवर येण्याकडेही वेगळ्या कानानं पाहिलं जातं.

नृत्यलेखनाचा तास बहुतेकांना जड जातो. नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ साली हालचाल लिहून ठेवायची पद्धत प्रसिद्ध केली. ती पानावर खालून वर वाचायची. मधली रेघ म्हणजे शरीराचा मध्य, डावीकडे डावं अंग, उजवीकडे उजवं. चिन्हाच्या आकारावरून दिशा कळते, ते कसं भरलंय त्यावरून हालचाल उंचावर, मध्ये की खाली ते कळतं, आणि चिन्हाची लांबी म्हणजे वेळ. साधं चालणं लिहायला बसलं तरी घाम फुटतो. व्हिडिओ असताना हा खटाटोप कशाला, असं मुलं विचारतात. व्हिडिओत एका नर्तकानं त्या दिवशी काय केलं ते दिसतं, चुकांसकट. रचनेत काय करायचं होतं, ते लिहिलेल्या पानावर असतं.

आणि आरसा. भिंतभर आरसा असलेल्या वर्गात मुलं शरीर आतून जाणवून घेण्याऐवजी बाहेरून तपासत बसतात. काही शिक्षक म्हणूनच मधूनमधून त्यावर पडदा ओढतात. फार चांगली सवय आहे.

आता तक्रारीचं बोलते. बऱ्याच अभ्यासक्रमांत शैलींची नुसती भेळ असते, या सत्रात ही, पुढच्यात ती. परीक्षेपुरत्या चार रचना बसवल्या की गुण मिळतात. शरीर असं सत्रांच्या हिशेबानं शिकत नाही. एक शैली रोज, सगळी वर्षं, आणि तिच्या शेजारी दुसरी, तिला उलट प्रश्न विचारणारी, असं मिळालं तर पुरे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि तिथली जमीन बघा. काँक्रीटवर थेट फरशी घातलेली असेल तर उड्यांचा सगळा मार नडगीच्या हाडांवर बसतो. खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीन तो मार थोडा झेलते. तंत्राचा तास आठवड्यातून किती दिवस आहे, साथ जिवंत आहे की स्पीकरवर, दुखापत झाली तर विद्यार्थ्याला बसून शिकता येतं की गैरहजेरी लागते, हेही विचारा. आत्ता तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा, ती खरं सांगतात.

निवड चाचणीची भीती अनेकांना वाटते. तुमचं बसवलेलं नृत्य तिथे पाहतातच. पण बऱ्याच ठिकाणी अनोळखी शैलीतला एक छोटा तुकडाही शिकवतात, करून घेतात, मग एखादी दुरुस्ती सांगून पुन्हा करायला लावतात. पहिल्या खेपेला अडखळलात तर फार बिघडत नाही. परीक्षकांचं लक्ष दुसऱ्या खेपेकडे असतं.

नमस्कार.